काळ्या मातीतला पापुद्रा, पऱ्हाटीतला धागा
चैत्र-वैशाखात बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्याच्या काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस लागला की माती फुगून त्या बुजतात. ही करामत बेसॉल्ट झिजून तयार झालेल्या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट गटातल्या खनिजांची. त्यांचा एकेक पापुद्रा सुमारे 1 नॅनोमीटर जाड, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते, माती फुगते.

1980 च्या दशकात जपानमध्ये टोयोटाच्या संशोधकांनी शुद्ध केलेल्या मॉन्टमोरिलोनाइटवर रासायनिक प्रक्रिया करून पापुद्र्यांमध्ये नायलॉनचे कच्चे रेणू शिरवले आणि तिथेच त्यांच्या साखळ्या जुळवल्या. पापुद्रे सुटे होऊन नायलॉनभर विखुरले. साधे नायलॉन 65 अंश सेल्सिअसच्या आसपास भाराखाली वाकायचे; 4-5 टक्के खनिजाने ही मर्यादा 140 अंशांपलीकडे गेली. त्यातून मोटारीच्या टायमिंग बेल्टचे झाकण बनले. एवढ्याशा खनिजाने एवढा फरक पडतो, कारण सुट्या पापुद्र्यांच्या एका ग्रॅमला सुमारे 700 चौरस मीटर पृष्ठभाग असतो आणि तेवढ्या पृष्ठभागावर प्लॅस्टिकच्या साखळ्या जखडल्या जातात. गुठळ्या राहिल्या तर मात्र तडा तिथूनच सुरू होतो.

शेतातली माती उचलून प्लॅस्टिकमध्ये ओतता येत नाही, तिच्यात वाळू-चुनखडीही असते. उद्योगाला लागणारे बेंटोनाइट, म्हणजे मॉन्टमोरिलोनाइटने भरलेली माती, कच्छमध्ये भरपूर निघते. प्लॅस्टिकला बळकटी देण्यासाठी नांदुऱ्याजवळ हुकमी आहे ती पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचल्यावर उरणारी झाडे. वेचणी आटोपली की ती उपटून बांधावर रचतात. थोडी चुलीला जाते, उरलेली पेटवतात. हेक्टरी 2-3 टन निघणारे हे लाकूडच आहे. त्यातल्या सेल्युलोजचे स्फटिकरूप तंतू काचतंतूंहून ताठ आणि वजनाला हलके. पण सेल्युलोजला पाणी प्रिय, पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लॅस्टिकला पाण्याचे वावडे. दोघांचे जुळावे म्हणून धागा कॉस्टिक सोड्यात धुतात किंवा जोडणारे रसायन घालतात. शिवाय 200 अंशांपुढे धागा करपू लागतो, त्यामुळे प्लॅस्टिकही कमी तापमानाला वितळणारेच निवडावे लागते. धागा भार पेलतो. दोन धाग्यांमधल्या प्लॅस्टिकमध्ये पसरू पाहणाऱ्या तड्याला नॅनोकण, म्हणजे मातीतले ते सुटे पापुद्रे, वाट वाकडी करायला लावतात. म्हणून दोन्ही एकत्र घालण्यात अर्थ आहे.

1924 पासून माटुंग्यात कापसावर काम करणाऱ्या केंद्रीय संशोधन संस्थेने, म्हणजे ‘सिरकॉट’ने, पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड तयार करण्याचे तंत्र विकसित केले आहे; कापसाच्या सेल्युलोजपासून नॅनोतंतूही काढले आहेत. खरी अडचण वाहतुकीची. पऱ्हाटी हलकी पण पसरट, ट्रॉली भरते आणि वजन भरत नाही. भुगा करणारे यंत्र बांधावर आले, तरच शेतकऱ्याला काडी पेटवण्याऐवजी ती विकणे परवडेल. माझ्या मते सरकारी अनुदान आधी या यंत्राला मिळायला हवे, नॅनोतंतूंच्या कारखान्याचा विचार त्यानंतर.