कुठं पिकलं, कुठं गेलं: पुढच्या वर्षीच्या भाजीपाल्याचं गणित आत्ताच कसं मांडायचं?

एकाच शेतात मिरचीनं हात दिला, टोमॅटो पाण्यात बसला आणि कांदा आला तेव्हा भाव नव्हता. जालना जिल्ह्यातल्या अनेक भाजीपाला उत्पादकांसाठी २०२५चं वर्ष साधारण असंच गेलं. मे महिन्यात अवकाळी पाऊस, मान्सून नेहमीपेक्षा लवकर आणि सप्टेंबरमध्ये मराठवाडाभर अतिवृष्टी.

पूर्ण तोट्याचं वर्ष असलं की निर्णय सोपा असतो, कारण काहीतरी बदलावंच लागतं. अडचण होते ती अशा संमिश्र वर्षानंतर. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे चटकन कळत नाही. मग बहुतेक जण एकच गोष्ट करतात: यंदा ज्या पिकाला भाव मिळाला, ते पुढच्या वर्षी जास्त लावतात. हाच निर्णय अनेकदा अंगाशी येतो. तो का, आणि त्याऐवजी काय करायचं, ते समजून घेऊया.

नुकसान नेमकं कशामुळे झालं?

पहिलं काम कागद-पेनाचं. प्रत्येक पिकासमोर एकच प्रश्न लिहायचा: पैसा कुठं गेला? उत्तरं साधारण चार प्रकारची असतात.

१. हवामान: अतिवृष्टी, गारपीट, पावसाचा खंड.
२. रोग-किडी: मिरचीवरचा कोकडा, मर, भेंडीवरचा केवडा, टोमॅटोवरचा करपा.
३. नियोजन: रोपं उशिरा मिळाली, मजूर मिळाले नाहीत, ऐन वेळी विहीर आटली.
४. भाव: माल चांगला आला, पण पट्टी हातात पडली तेव्हा खर्चही निघाला नाही.

हे वेगळं करणं महत्त्वाचं आहे, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. मर रोगानं गेलेल्या मिरचीला "भाव नव्हता" म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. आणि भावानं मारलेल्या पिकावर पुढच्या वर्षी जास्त फवारण्या करून उपयोग नाही.

भाव कमी होता की उत्पादन?

भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार राज्यभर ओळखला जातो. भोकरदन-जाफराबाद पट्ट्यात मिरची हे अनेक घरांचं मुख्य नगदी पीक आहे. म्हणून उदाहरण मिरचीचंच घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तिथं तुमचे आकडे टाका.

समजा, एका एकराला रोपं, मल्चिंग, ठिबक, खतं आणि फवारणी मिळून ९० हजार रुपये खर्च झाला. तोडणीची मजुरी किलोला १० रुपये, गोणी आणि वाहतूक ३ रुपये. हंगामाचा सरासरी भाव २५ रुपये.

उत्पादन ६० क्विंटल निघालं, तर ९० हजारांचा खर्च किलोमागे १५ रुपये पडतो. त्यात १३ रुपये मिळवले की एक किलो मिरची २८ रुपयांना पडली. म्हणजे किलोमागे ३ रुपये आणि एकूण १८ हजारांचा तोटा.

उत्पादन ९० क्विंटल निघालं, तर तोच खर्च किलोमागे १० रुपये पडतो. मिरची २३ रुपयांना पडली. किलोमागे २ रुपये, एकूण १८ हजारांचा नफा.

भाव दोन्हीकडे तोच. एक जण म्हणणार "मिरचीत काही राहिलं नाही", दुसरा म्हणणार "मिरचीनं तारलं". पहिल्याचा खरा प्रश्न उत्पादनाचा आहे, बाजाराचा नाही.

याच हिशोबातून आणखी एक आकडा मिळतो. तोडणी आणि वाहतूक मिळून १३ रुपये लागत असतील आणि बाजारात भाव ११ रुपये असेल, तर प्रत्येक तोडा खिशातून पैसे घालतोय. आधीचा ९० हजारांचा खर्च होऊन गेलेला आहे, तो या निर्णयात धरायचा नाही. भाव सुधारण्याची आशा असेल आणि झाडावरचा माल उतरवणं गरजेचं असेल तरच तोडा करायचा. हा "थांबायचा भाव" प्रत्येक पिकासाठी आधीच लिहून ठेवलेला बरा.

यंदाच्या भावामागे का धावू नये?

२०२३चा टोमॅटो आठवा. जुलै-ऑगस्टमध्ये अनेक शहरांत किरकोळ भाव शंभरीपार गेला, काही ठिकाणी दोनशेपर्यंत. तो पाहून लागवडी वाढल्या. रोपवाटिकेचे २५-३० दिवस आणि लागवडीनंतर पहिल्या तोड्यापर्यंतचे साधारण दोन महिने धरले, तर आजचा भाव पाहून घेतलेल्या निर्णयाचा माल तीन महिन्यांनी बाजारात येतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टोमॅटो इतका कोसळला की शेतकऱ्यांवर तो रस्त्यावर ओतायची वेळ आली.

कांद्यात तर सरकारी निर्णयाचीही भर पडते. ८ डिसेंबर २०२३ला केंद्रानं कांदा निर्यातबंदी केली, ती उठली ४ मे २०२४ला. मधल्या काळात कांदा काढलेल्याचं नियोजन कितीही चांगलं असलं, तरी भाव त्याच्या हातात नव्हता.

म्हणून भावावरचा उपाय पीक बदलणं हा नसून धोका वाटून टाकणं हा आहे. एक एकर टोमॅटो लावायचा असेल, तर तो १५-२० दिवसांच्या अंतरानं तीन टप्प्यांत लावता येतो. एखादा टप्पा मंदीत सापडला, तरी सगळा माल सापडत नाही. सगळं क्षेत्र एकाच भाजीखाली न आणता, जमलेल्या पिकाला निम्मं, दुसऱ्या कुळातल्या भाजीला पाव आणि उरलेल्यात कडधान्य किंवा मका, अशी विभागणी करता येते. नवीन भाजी किंवा नवं वाण आधी दोन-तीन गुंठ्यांवर करून पाहावं.

बेवड: आधी तिथं काय होतं?

जुनी माणसं पीक ठरवताना बेवड विचारायची, म्हणजे त्या रानात आधी काय होतं. हा प्रश्न आजही तितकाच महत्त्वाचा आहे.

मिरची, टोमॅटो, वांगी आणि बटाटा ही नावं चार असली तरी कुळ एक. मरीची बुरशी, सूत्रकृमी आणि अनेक विषाणू यांना सामाईक आहेत. मिरचीच्या जागी टोमॅटो लावणं म्हणजे फेरपालट नव्हे.

जालन्यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जिल्ह्यात कापूस मोठ्या प्रमाणावर होतो, आणि कापूस व भेंडी एकाच कुळातली आहेत. तुडतुडे, पांढरी माशी आणि ठिपक्यांची बोंडअळी दोन्हींवर येतात. कपाशीला लागून भेंडी लावली, तर किडीला चालत जाण्याइतकंही अंतर राहत नाही. भेंडीवर केवडा पसरवते ती हीच पांढरी माशी.

मग फेरपालट कशाशी? सोयाबीन, हरभरा, मूग, कांदा, मका किंवा वेलवर्गीय भाज्या. मर मोठ्या प्रमाणावर आली असेल, तर त्या तुकड्यात निदान दोन-तीन वर्षं मिरचीवर्गातलं काहीच नको. मिरचीच्या कडेनं मक्याच्या दोन ओळी दाट लावल्या, तर उडून येणाऱ्या रसशोषक किडींना काही प्रमाणात अडथळा होतो.

वाण बदलायचं की नाही?

जालन्याला "बियाण्यांची राजधानी" म्हणतात, आणि या ओळखीच्या सुरुवातीला एक भाजीच आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या संशोधन संस्थेनं काढलेल्या "पुसा सावनी" या भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली. १९६४मध्ये जालन्यात महिको उभी राहिली आणि १९९८मध्ये बारवाले यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. पुसा सावनीचं वैशिष्ट्य काय होतं? ती केवडा रोगाला दाद देत नव्हती. पण पुढे तिची ही ताकद ओसरली आणि नवी वाणं शोधावी लागली.

यातून घ्यायचं ते इतकंच: पाकिटावर "रोगाला सहनशील" लिहिलेलं असणं म्हणजे कायमची हमी नव्हे. शेजारच्या चार शेतांत यंदा ते वाण कसं राहिलं, हे विचारूनच ठरवा. बियाण्याचं पक्कं बिल, पाकीट, त्यावरचं लेबल आणि थोडं बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. उगवण किंवा वाणाबाबत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करायची वेळ आली, तर हाच पुरावा असतो.

पाणी: जास्तही आणि कमीही

सप्टेंबर २०२५ला शेतं पाण्याखाली होती. त्याच्या दोनच वर्षं आधी, ३१ ऑक्टोबर २०२३ला राज्यानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड आणि मंठा हे जिल्ह्यातले पाच तालुके होते. त्यामुळे पुढच्या वर्षीची तयारी दोन्ही बाजूंनी करावी लागते.

जास्त पावसासाठी: काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, झाड पिवळं पडतं आणि मर वाढते. पावसाळी भाजी सपाट वाफ्यात नको. साधारण एक फूट उंच गादीवाफा आणि शेताबाहेर उताराला काढलेली चर, हा खर्च औषधांपेक्षा स्वस्त पडतो.

कमी पाण्यासाठी: ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल शेततळ्यात बाजूंचा उतार धरून साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. एप्रिल-मेमध्ये एक एकर भाजीला ठिबकवर रोज अंदाजे २० हजार लिटर लागतात. उघड्या तळ्यातून रोज ७ हजार लिटरच्या आसपास पाणी उडून जातं. म्हणजे १ मार्चला काठोकाठ भरलेलं तळं एका एकराला २० मेच्या आसपास पुरतं. तेच दोन एकर लावलं, तर एप्रिलच्या मध्यातच तळ दिसतो. उन्हाळी लागवड किती करायची हे जमिनीवरून नाही, तळ्यावरून ठरवा.

जालना तालुक्यातलं कडवंची याच कारणासाठी ओळखलं जातं. १९९०च्या दशकात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीनं तिथं पाणलोटाची कामं झाली, पुढे शेततळी आली आणि त्यावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. आधी पाणी, मग पीक, हा क्रम तिथं पाळला गेला.

नोंद नसेल तर नुकसानही नाही

भाजीपाला करणाऱ्यांकडून ई-पीक पाहणी बऱ्याचदा राहून जाते, कारण पीक दोन-तीन महिन्यांत निघून जातं. पण सातबाऱ्यावर पीक नसेल, तर पंचनाम्याच्या वेळी अडचण येते. आपत्ती निवारणाच्या २०२५च्या निकषांत ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झाल्यास बागायती पिकाला हेक्टरी १७ हजार रुपये धरलेले होते. म्हणजे एकराला सात हजारांच्या आत. वरच्या उदाहरणातला ९० हजारांचा खर्च यातून भरून निघणार नाही. नोंद करायचीच, पण भिस्त नियोजनावर ठेवायची.

कोणत्या महिन्यात काय?

- जानेवारी-फेब्रुवारी: सगळ्या पट्ट्या आणि बिलं एकत्र करून पीकवार हिशोब.
- मार्च: विहीर आणि शेततळ्याचं पाणी मोजून उन्हाळी क्षेत्र ठरवणं.
- एप्रिल-मे: रिकाम्या रानातून माती परीक्षणाचा नमुना. आठ-दहा ठिकाणांहून १५-२० सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती घेऊन, एकत्र करून, अर्धा किलो. खरपुडी किंवा बदनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करता येते. याच काळात नांगरट करून रान तापू देणं आणि रोपांची आगाऊ मागणी.
- जून-जुलै: टप्प्याटप्प्यानं लागवड, चर मोकळ्या करणं.
- ऑगस्ट-सप्टेंबर: ई-पीक पाहणीची मुदत पाहून नोंद.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर: रब्बी कांद्याची रोपवाटिका. त्याआधी शंभर बिया ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते पाहणं.

हे सगळं एकाच वर्षात बदलायची गरज नाही. उलट एका हंगामात दहा गोष्टी बदलल्या, तर फरक कशामुळे पडला हेच कळत नाही. ज्या कारणानं यंदा सर्वात जास्त पैसा गेला, ते एक कारण पकडा आणि पुढच्या वर्षी तेवढं बदला. बाकी जे जमलं, ते तसंच राहू द्या. आणि एक वही घाला: लागवडीची तारीख, प्रत्येक तोडा, प्रत्येक फवारणी, प्रत्येक पट्टी. पुढच्या वर्षी याच वेळी "काय चुकलं" याचं उत्तर आठवणीतून शोधावं लागणार नाही.