जुन्या पंख्याच्या विमानांचा थाट आणि घाटकोपरची टेकडी

जुन्या विमानांचे फोटो रील्समध्ये बघितलेच असतील. रुंद खुर्च्या, पाय पसरायला जागा, काचेच्या ग्लासात सरबत. विरार लोकलमध्ये एका पायावर उभा राहणाऱ्या आपल्यासारख्याला वाटणारच, काय मजा होती!

होती, पण फोटोत आवाज येत नाही. 8 जून 1948 ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. प्रवासी 35, भाडं 1720 रुपये. विमान लॉकहीड कॉन्स्टेलेशन. त्याला चार इंजिनं, प्रत्येकात 18 सिलिंडर, म्हणजे 72 सिलिंडर रात्रभर तुमच्या कानाशी धडधडणार. इंजिन वाटेत बंद पडणं इतकं नेहमीचं, की लोक थट्टेनं त्याला ‘तीन इंजिनांचं उत्तम विमान’ म्हणायचे.

आणि हे तर तेव्हाचं भारी मॉडेल! साध्या डकोटात केबिनमधला हवेचा दाब राखायची सोयच नव्हती, त्यामुळे साधारण दहा हजार फुटांच्या आसपासच उडायचं. म्हणजे ढगांच्या वरून नाही, मधून. कानात घालायला कापूस, चघळायला गोळ्या आणि समोर उलटीची पिशवी. कॉन्स्टेलेशनमध्ये दाब राखला जायचा, ते वीस हजार फुटांपर्यंत जायचं, पण आपल्याकडचे पावसाळी ढग त्याच्या दुप्पट उंच असतात.

पावसाळ्याशी आपल्या विमानांचं भांडण तसं पहिल्यापासूनचं. जे. आर. डी. टाटा 1932 मध्ये कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तो महिना ऑक्टोबर होता. पावसात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, म्हणून ही टपालसेवा तेवढे महिने पुण्याहून चालवायचे.

खरा धोका मात्र वर नव्हता, उतरताना होता. 12 जुलै 1949. बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, हॉलंडकडे निघालेलं केएलएमचं कॉन्स्टेलेशन सांताक्रूझला उतरत होतं. पाऊस, खाली आलेले ढग. ते घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं. टेकडी किती उंच? जेमतेम 200 मीटर. आपला तुंगारेश्वर याच्या तिप्पट आहे. विमानातले सगळे 45 जण गेले, त्यात 13 अमेरिकन पत्रकार होते.

आता हे समजून घ्या. विमानाचा उंचीमापक उंची मोजतच नाही, तो हवेचा दाब मोजतो. काही फोनमध्येही हाच बॅरोमीटर सेन्सर असतो, फोन हातात धरून जिना चढून बघा. समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण आठ मीटर. पावसाळ्यात दाब दहानं उतरला आणि वैमानिकानं काटा नव्या आकड्यावर लावला नाही, तर विमान खरं आहे त्यापेक्षा 80 मीटर वर दिसतं. घाटकोपरला असंच झालं असं मी म्हणत नाहीये. काटा अगदी बरोबर असला तरी तो समुद्रापासूनची उंची सांगतो. पुढे टेकडी आहे, हे त्याला माहीतच नसतं!

‘मलबार प्रिन्सेस’चंही तेच झालं. 3 नोव्हेंबर 1950 ला जिनिव्हाकडे जाताना ते माँ ब्लाँ शिखरावर आदळलं, 48 जण गेले. बरेचसे आपले खलाशी, इंग्लंडला जहाजावर कामाला चाललेले. जेट आल्यावर धडधड आणि उलट्या कमी झाल्या, पण 24 जानेवारी 1966 ला एअर इंडियाचं बोइंग 707 जवळपास त्याच जागी आदळलं. डॉ. होमी भाभा त्यातच होते.

म्हणजे आराम इंजिनानं दिला, पण डोंगराचं उत्तर वेगळ्याच ठिकाणाहून आलं. 1974 मध्ये अमेरिकेनं मोठ्या विमानांत जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं केलं. ते फक्त सरळ खाली बघायचं, त्यामुळे समोर कडा असेल तर इशारा उशिरा मिळायचा. मग 1990 च्या दशकात डॉन बेटमन यांच्या टीमनं डोंगरदऱ्यांचा डेटाबेसच विमानात बसवला: जीपीएसवरून आपण कुठे आहोत ते घ्या, पुढची जमीन किती उंच आहे ते बघा, जवळ असेल तर ओरडा. आमच्या भाषेत साधं लुकअप! अवघड होता तो डेटा. अर्ध्या जगाचे नकाशे लष्करी गुपित होते. सोव्हिएत युनियन फुटल्यावर तिथले नकाशे या लोकांनी विकत घेतले, तेव्हा कुठे यादी भरत आली.