पंखाचं कलम

आधी एक छोटा प्रयोग करा. वहीचा कागद घेऊन त्याची नळी करा आणि कड डिंकाने चिकटवा. वाळली की दोन टोकं धरून पिळून बघा. नळी चांगलीच विरोध करते! आता कात्रीने तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ चीर द्या आणि पुन्हा पिळा. कागद तोच, वजन तेच, पण नळी हातात भिजल्या पोळीसारखी वळते. सगळी ताकद त्या चिकटवलेल्या कडेत होती!

ही नळी डोक्यात ठेवा. आपल्याला एका पंखाच्या आत शिरायचं आहे.

पंख आहे ‘का-6’ या जर्मन ग्लायडरचा. रुडॉल्फ कायझरने आखलेलं हे विमान 1955 मध्ये पहिल्यांदा उडालं. वासरकुप्पे डोंगराच्या पायथ्याला पॉपेनहाउझेन नावाचं गाव आहे, तिथल्या श्लायशर कारखान्यात ते घडलं. 1960 आणि 1963 या दोन्ही वर्षी हाइन्त्स हूट याच विमानातून जगज्जेता झाला. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत 15 मीटर. इंजिन नाही. एक किलोमीटर उंचीवरून सोडलं तर शांत हवेत ते तीसेक किलोमीटर लांब जाऊन टेकतं. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरच्या आभाळात असे बिनआवाजी पंख ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही जादू वेगळी सांगायला नको. पण का-6 चे हे पंख कशाचे असतात? लाकूड, कापड आणि गोंद!

पंख उचलून धरतो तो त्याचा कणा, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली तुळई. तिच्या वर एक आणि खाली एक अशा स्प्रूस किंवा पाइनसारख्या लाकडाच्या लांब पट्ट्या असतात, आणि त्यांना जोडणारी प्लायवूडची पातळ भिंत असते. उडताना हवा पंख वर उचलते, तो वाकतो. वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते. लाकूड ताण छान सोसतं, पण दाबाला लवकर चुरगळतं. म्हणून वरची पट्टी बहुधा जास्त जाड! 300 किलोचं भरलेलं विमान 60 अंश कलून वळलं की पंखांवर 600 किलोंचा भार येतो, आणि पंख तो मुकाट्याने पेलतात.

पण पंखाला नुसतं वाकवत नाही हवा, पिळतेही. इथे आपली कागदी नळी येते. कण्याच्या पुढे, पंखाच्या नाकाभोवती, एक-दीड मिलिमीटरचं प्लायवूड वळवून कण्याला चिकटवलेलं असतं. ही झाली बंद नळी. 1921 मध्ये हॅनोव्हरला बांधलेल्या ‘व्हॅम्पायर’ ग्लायडरने या युक्तीची ताकद दाखवली. पुढच्याच वर्षी त्याने वैमानिक मार्टेन्सला वासरकुप्पेवर इंजिनाशिवाय तासाहून जास्त वेळ आकाशात ठेवलं. एवढ्या पातळ लाकडाच्या नळीने!

आता सांगा, साठ-सत्तर वर्षांनी या पंखात म्हातारं काय होतं? लाकूड? मुळीच नाही. कोरडं राखलं तर लाकूड शतकं टिकतं, पेशवाईतल्या वाड्यांचे खांब बघा. म्हातारा होतो सांधा.

सुरुवातीच्या विमानांचा गोंद कशाचा असे, माहीत आहे? दुधाचा! ज्या केसिनमुळे पनीर बनतं, तेच केसिन चुन्यात कालवून विमानं चिकटवली जात. सांधा भक्कम व्हायचा, पण ओल शिरली की बुरशीला आयती मेजवानी. मग युरिया-फॉर्मल्डिहाइडचे कृत्रिम गोंद आले. त्यांना बुरशी लागत नाही, पण त्यांची एक अट असते. थर कागदासारखा पातळ हवा. दोन भाग नीट बसले नाहीत आणि फटीत जाड थर राहिला, तर तो वाळताना तळ्यातल्या चिखलासारखा तडकतो. वर्षानुवर्षांची उष्णता आणि दमटपणा उरलेलं काम करतात.

बसवणीतली ढिलाई किती महाग पडते, हे आपल्याच आभाळात दिसलं होतं. 1944 च्या अखेरीस भारतात तैनात असलेल्या ‘मॉस्किटो’ या लाकडी लढाऊ विमानांच्या पंखांचं आवरण कण्यावरून सुटू लागलं. संशय आधी आपल्या उन्हापावसावर गेला. पुढच्या तपासात मात्र बांधणीतलेच दोष सापडले.

मग बंद पंखातला आजार ओळखायचा कसा? वैद्य छातीवर बोटं वाजवतो तसा. नाण्याने प्लायवूडवर टकटक करत जायचं. सांधा घट्ट असेल तिथे आवाज खणखणीत, सुटला असेल तिथे बद्द. खालची पाणी निथळायची बारीक भोकंही तपासायची, कारण कुंभारमाशीने त्यातलं एक जरी मातीने लिंपलं तर त्या कप्प्यात पाणी साचत राहतं. एवढीशी माशी, आणि पंख कुजायला सुरुवात!

सगळ्यात फसवा दोष मात्र ओलीने येत नाही, आदळण्याने येतो. विमान जोरात टेकलं की पंख खाली झोकांडतात आणि एरवी ताणली जाणारी खालची पट्टी क्षणभर दाबली जाते. लाकडात आडवी, केसाएवढी सुरकुती पडते. जमिनीवर ती दिसतही नाही. पण पुढच्या उड्डाणात ताण येतो तो थेट त्या सुरकुतीवर, आणि मोडलेले तंतू ताण घेणार कसे? म्हणून जाणकार माणूस बॅटरी तिरपी धरून एकेक इंच लाकूड न्याहाळतो.

दोष सापडला. जुनं कापून नवं बसवायचं. पण चौकोन कापून त्या मापाचा तुकडा ठोकून चालेल? लाकडाचं आडवं कापलेलं टोक म्हणजे सूक्ष्म नळ्यांची उघडी तोंडं. गोंद आत शोषला जातो, पकड राहत नाही. शिवाय दीड मिलिमीटरच्या कडेला कड लावून पकड मिळणार ती किती?

उत्तर कोकणातल्या माळ्याला ठाऊक आहे. हापूसचं कलम बांधताना तो काडी आडवी कापत नाही, लांब तिरकी छाटतो, म्हणजे भेटायला जागा जास्त. इथेही तेच. जाडीच्या सुमारे पंधरा पट लांब उतार करायचा. दीड मिलिमीटरचं प्लायवूड बावीस मिलिमीटरवर निमुळतं होत संपतं. चिकटायला पंधरापट जागा मिळते, आणि गोंदाला फाडू पाहणारा ताण घसरवू पाहणाऱ्या बळात बदलतो. गोंद ते बळ आनंदाने सोसतो! कण्याची पट्टी 20 मिलिमीटर जाड असेल तर तिचं कलम 30 सेंटिमीटर लांब.

हा उतार हाताने घासतात. सरळ आलाय हे कळतं कसं? लाकूडच सांगतं! तीन पदरी प्लायवूड तिरकं घासलं की अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरचे पदर सात-सात मिलिमीटरच्या पट्ट्यांसारखे उघडे पडतात. मधल्या पदराचे तंतू आडवे, म्हणून त्याची छटा वेगळी. पट्ट्यांच्या रेषा सरळ तर उतार सरळ. रेषा वळली की तिथे हात जास्त फिरला. दिसू नये इतकी बारीक चूक पंधरापट मोठी होऊन समोर येते.

मग जास्त जाड तुकडा लावून पंख आणखी मजबूत का करू नये? आजीला विचारा. विरलेल्या लुगड्याला जाडजूड ठिगळ लावलं की लुगडं ठिगळाच्या कडेने फाटतं. पंखाचंही तसंच. मध्येच ताठर जागा आली की सगळा ताण तिच्या काठाशी गोळा होतो. म्हणून नवा तुकडा जुन्याच जातीचा, जुन्याच जाडीचा आणि त्याच दिशेच्या तंतूंचा.

चिकटवण्याआधी आणखी एक गोष्ट. नाकाची नळी उघडली की पंख पिळला जाऊ शकतो, आणि गोंद वाळला की तो पीळ कायमचा! म्हणून कोन मोजून पंख आधी सुतारी घोड्यांवर पक्का बसवतात. मगच गोंद, क्लॅम्प, ठरावीक ऊब आणि धीर.

त्याच गोंदाच्या त्याच घाण्यातून दोन फालतू तुकडेही चिकटवून ठेवतात. गोंद पक्का झाल्यावर ते मोडायचे. काड्कन आवाज येतो आणि सगळे वाकून पाहतात. तुटलेली बाजू गुळगुळीत, चकचकीत असेल तर गोंद हरला, केलेलं सगळं काम उखडायचं. पण ती झिपरी असेल, दोन्ही बाजूंना लाकडाचे तंतू ओरबाडून आलेले असतील, तर तुटलं ते लाकूड. सांधा तसाच राहिला. आज वाळलेला गोंद साठ वर्षांच्या लाकडाहून बळकट निघाला, आणि पंख पुन्हा आभाळात जायला मोकळा झाला.