अंकीकृत नमुने व जातींचे वितरण : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

संग्रहालयांतील व हर्बेरियममधील नमुन्यांचे अंकीकरण हे जैवविविधता संशोधनाचे महत्त्वाचे साधन ठरले आहे. 2001 साली स्थापन झालेल्या 'जीबिफ' या जागतिक माहितीजालामुळे तालुक्याच्या महाविद्यालयातील अध्यापकालाही परदेशातील संग्रहांच्या नोंदी पाहता येतात. जाती जेथे आढळली त्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन तेथील पाऊस, तापमान व उंची यांच्याशी संगणक त्यांचा मेळ घालतो आणि ती जाती आणखी कोठे असू शकेल याचा नकाशा तयार करतो. मात्र हा सारा डोलारा नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर उभा असतो.

चिठ्ठी खोटी असेल तर काय घडते, हे वनपिंगळ्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. 1872 मध्ये सध्याच्या छत्तीसगडमध्ये मिळालेल्या नमुन्यावरून ह्यूमने 1873 साली या पक्ष्याचे वर्णन केले. पुढे डेव्हिडसनने खानदेशातील शहादा परिसरातून नमुने मिळविले. त्यांतील शेवटचा 1884 चा. तथापि मायनर्ट्झहागेनच्या संग्रहातील एका नमुन्यावर '1914, मांडवी, गुजरात' अशी नोंद होती आणि तीच सर्वांत अलीकडची मानली जाई. हा नमुना वस्तुतः डेव्हिडसनचाच असून तो चोरून, पुन्हा भरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती, असे पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी 1999 मध्ये सप्रमाण दाखविले. मांडवीची नोंद बाजूला सारून जुन्या, खऱ्या ठिकाणी शोध घेतल्यावर 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळच हा पक्षी पुन्हा दिसला, 113 वर्षांनी!

यवतमाळच्या बाबतीत लबाडीची गरजच नाही; इतिहासच पुरेसा आहे. आजच्या यवतमाळ जिल्ह्याला 1905 पूर्वी 'वूण' म्हणत. त्यामुळे जुन्या चिठ्ठीवरील 'वूण' म्हणजे वणी गाव की अख्खा जिल्हा, हा प्रश्न उरतो. पुसद तालुका तेव्हा बासीम, म्हणजे वाशीम जिल्ह्यात होता; म्हणून पुसदच्या रानातील झाड 'बासीम'च्या नावे नोंदलेले असू शकते. नुसते 'यवतमाळ' लिहिलेल्या नमुन्याला शहराचे अक्षांश-रेखांश दिले, तर टिपेश्वरचे वा पैनगंगेच्या काठचे रोप नकाशावर शहराच्या मध्यभागी उगवते! सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यात ही चूक किरकोळ नव्हे.

यास्तव प्रत्येक नोंदीसोबत अनिश्चिततेची त्रिज्या किलोमीटरमध्ये नोंदविणे, मूळ चिठ्ठीतील शब्द जसेच्या तसे जपणे आणि संग्राहकाच्या डायरीतील तारखा, प्रवासमार्ग त्यांच्याशी ताडून पाहणे आवश्यक ठरते. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांत विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे जमा केलेल्या हर्बेरियम पत्रकांवर गावाचे, शिवाराचे नाव बहुधा असते. स्थानिक अध्यापकाला ते शिवार ठाऊक असते, परगावच्या संगणकाला नसते. अंकीकरणाचा आरंभ या पत्रकांपासून करणे सोयीचे होईल. पत्रकांना वाळवी लागण्यापूर्वी झाले तर अधिक बरे.