पोराचं इंग्रजी चांगलं आहे, पुढं काय?

१९८६ साली तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागलो, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागं आहे. धोतरातले वडील पोराला पुढं ढकलत विचारायचे, "सर, ह्येचं इंग्रजी बरं हाय म्हंत्यात. कशात घालू?" निवृत्त होईपर्यंत मी त्याचं उत्तर निदान चार वेळा बदललं.

सुरुवातीचं उत्तर सोपं होतं: बी.एड. कर, नाहीतर टायपिंग लाव. एसटी स्टँडसमोरच्या माडीवर सकाळी सहापासून गोदरेज आणि रेमिंग्टनच्या मशीनांचा खडखडाट चालायचा. इंग्रजी तीस, मग चाळीस, जोडीला शॉर्टहँड. स्टेनोला वेग लागतोच, पण साहेबानं सांगितलेलं चुकीचं वाक्य न बोलता दुरुस्त करून टाइप करायची अक्कलही लागते. ती माझ्या वर्गातल्या मुलींकडं भरपूर होती. त्यातल्या काही मुंबईला सरकारी नोकरीत लागल्या, घरं उभी केली. २०११ साली गोदरेजनं टाइपरायटर बनवणं थांबवल्याची बातमी आली. तोवर माडीवर कॉम्प्युटर आले होते आणि साहेब स्वतःच टाइप करू लागले होते.

हुशार पोरांना मी एम.ए. करायला लावायचो. एम.ए., नेट-सेट, प्राध्यापक. हा माझा सगळ्यात महागात पडलेला सल्ला. भरती रखडत गेली, सेट झालेली पोरं तासिका तत्त्वावर या कॉलेजातून त्या कॉलेजात मोटारसायकल पळवत राहिली. त्यातले दोघं माझ्याच विभागात होते. महिनाअखेरीला त्यांच्याकडं बघताना मला अवघड व्हायचं.

२००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं आणि साधारण त्याच सुमारास पुण्याहून नवा शब्द आला: मेडिकल ट्रान्सक्रिप्शन. अमेरिकेतल्या डॉक्टरनं दिवसभर बोलून ठेवायचं, आपल्याकडच्या पोरीनं कानाला हेडफोन लावून, पायानं पेडल दाबत ते लिहून काढायचं. पैसे ओळीवर. 'हायपो' आणि 'हायपर' कानाला सारखेच वाटतात, अर्थ मात्र उलटा. त्यामुळं ऐकण्याची कसोटी लागायची. माझ्या एका विद्यार्थिनीनं वडिलांची म्हैस विकून क्लासची फी भरली. क्लास पुरा व्हायच्या आत संस्थेच्या शटरला कुलूप लागलं. ती खमकी, दुसरीकडं शिकली, काही वर्षं चांगले पैसे मिळवले. मग डॉक्टर बोलले की आपोआप लिहून काढणारी सॉफ्टवेअर आली. तिच्याकडं मशीननं लिहिलेलं तपासायचं काम उरलं, ओळीचा दर निम्मा.

कॉल सेंटरची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. रात्रीची गाडी, बदललेलं नाव, बदललेले उच्चार. मी नाक मुरडायचो. पण बी.ए. झालेल्या पोराचा पहिला पगार माझ्या तासिकावाल्या सहकाऱ्यांच्या पगाराहून जास्त होता, तेव्हा माझ्या नाकाला कोण विचारतो?

कायद्याकडं माझं लक्ष उशिरा गेलं. कायद्याच्या प्रवेशाची क्लॅट परीक्षा २००८ साली सुरू झाली, मुंबईचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ २०१४ साली. त्या परीक्षेत इंग्रजी वाचनाला मोठं वजन आहे, पण आमच्या तालुक्यात तिचं नाव पोचेपर्यंत शहरातली मुलं अकरावीपासून तयारीला लागलेली होती. नंतर कंटेंट रायटिंग आलं, शब्दाला काही पैसे या दरानं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या कामातल्या पोरांचे फोन मला यायला लागले. आवाजावरूनच कळायचं.

या सगळ्यात एक पोरगा माझ्या हिशेबात कधी नव्हताच. इंग्रजीत जेमतेम पंचावन्न मार्क, पण मराठी पक्की. आजोबा तलाठी, त्यामुळं मोडी दप्तराशी खेळतच वाढलेला. आज तो मुंबईत वकिलांसाठी भाषांतरं करतो. तालुका कोर्टातली बहुतेक कागदपत्रं मराठीत: सातबारा, फेरफार, पंचनामा, जबाब. अपील उच्च न्यायालयात गेलं की राज्यघटनेच्या कलम ३४८ प्रमाणं तिथली भाषा इंग्रजी. मधलं अंतर कुणीतरी चालायला हवं, ते हा चालतो. वहिवाट, खातेफोड, कूळ, इनाम हे शब्द त्याला कोशात शोधावे लागत नाहीत, फक्त इंग्रजीत बसवावे लागतात. मशीनचा मसुदा तोही घेतो. एकदा त्यात 'कूळ' म्हणजे घराणं झालं होतं आणि जमीन कसणाऱ्याचा हक्कच कागदावरून गेला होता, हे तो हसत सांगतो.

'द्विभाषिक' हा शब्द मी इतक्या वर्षांत एकाही वडिलांना सांगितला नाही. वर्गात मराठी बोलणाऱ्याला मी एक रुपया दंड करायचो.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "सर, 'बांध कोरला' याला इंग्रजीत काय म्हणू? 'अतिक्रमण' लिहिलं तर दरवर्षी नांगर बोटभर पुढं सरकवलाय, ते त्यात येत नाही." आम्ही वीस मिनिटं झटलो. शेवटी त्यानं 'बांध' तसाच ठेवला आणि खाली तीन ओळींची टीप लिहिली.