मोकळी कबुतरे आणि शिकारी पक्षी

कबुतरे पाळणे हा रिकामटेकड्यांचा शौक आहे, अशी समजूत आमच्या शेतकरी वर्गात बरीच रूढ आहे, आणि ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि ज्याच्या घरी ढाबळ आहे त्याला तिचा नाद सुटत नाही, हेही तितकेच खरे. विशेषतः शर्यतीची जात, म्हणजे शेकडो किलोमीटरांवर नेऊन सोडली असता आपल्याच छपरावर परत उतरणारी कबुतरे, ही केवळ शोभेची पाखरे नव्हेत. ओरिसाच्या पोलीस खात्याने 1946 साली त्यांच्याकरवी संदेश पाठविण्याची व्यवस्था केली. 13 एप्रिल 1948 रोजी पंडित नेहरूंचा निरोप संबळपुराहून कटकास अशाच एका कबुतराने पोहोचविला. तारायंत्र व दूरध्वनी सर्वत्र झाल्यावर ते काम संपले. परंतु मद्रास, बंगळूर व कलकत्ता या बाजूस शर्यतीचा नाद अजून जोरात आहे, आणि आमच्याकडेही हौशी मंडळी ही जात मिळवून पाळू लागली आहेत. त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, पाखरू मोकळे सोडावे तर ससाणा नेतो आणि कोंडून ठेवावे तर त्याच्या पंखांतील बळ जाते. मग करावे काय?

आंधळगाव हे मोहाडी तालुक्यातील गाव कोशाच्या विणकामाकरिता भंडारा जिल्ह्यात सर्वांस परिचित आहे. तेथे आमच्या मावसभावाच्या घरी गच्चीवर अठरा कबुतरांची ढाबळ आहे. एका पौषात आम्ही तेथे मुक्कामास असता आमच्या हातून एक चूक घडली, ती सांगूनच पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होईल. धान निघून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या आणि तलावावर हिवाळी बदके उतरली होती. सकाळी पाखरांना दाणा देऊन झाला होता. तरीही त्यांचे उड्डाण पाहण्याची आम्हांस घाई, म्हणून आमच्या आग्रहावरून दहाच्या सुमारास दार उघडले गेले. थवा वर गेला, दोन गिरक्या झाल्या. डबा वाजविला तरी एकही पाखरू उतरेना. तेवढ्यात तलावाच्या बाजूने, फार उंचावरून, एक काळसर ठिपका खाली आला. थवा फुटला. जे एक पाखरू एकटे पडले तेच गेले. ती मादी होती आणि तिची अंडी घरट्यात होती.

कबुतरांत सकाळ उलटल्यापासून दुपार ढळेपर्यंत नर अंड्यांवर बसतो व उरलेला वेळ, रात्रीसुद्धा, मादी बसते. त्या संध्याकाळी पाळी बदलावयास कोणी आले नाही. नर रात्रभर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी तो दाण्यापुरता उठला, पुन्हा बसला, आणि तिसऱ्या दिवशी अंडी थंड झाली. आमच्या वहिनींनी बोल लावला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, भरल्या पोटाचं पाखरू हाक कशाला ऐकेल?” या विषयावर आम्ही पुढे जे वाचले त्यात याहून उपयोगाचे वाक्य आम्हांस मिळाले नाही.

शेजारच्या एका गृहस्थांनी मात्र वेगळा उपाय सुचविला. एका निकामी कबुतराच्या पंखांना विष लावून ते सोडावे, म्हणजे ससाणा कायमचा जाईल. हा उपाय आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या शिकारी पक्ष्यांस संरक्षण आहे. त्यांना मारणे किंवा फासे लावून धरणे हा गुन्हा होय. पण कायदा घटकाभर बाजूस ठेवला तरी उपाय निरर्थकच आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये सैन्याची निरोप्या कबुतरे वाचावीत म्हणून 1940 साली बहिरी ससाणे मारण्याचा सरकारी हुकूम निघाला व सहाशेच्या आसपास ससाणे मारले गेले. युद्ध संपले, हुकूम उठला, आणि थोड्याच वर्षांत रिकाम्या कड्यांवर नवे ससाणे येऊन बसले. आमच्या तलावावरही तेच होईल. शिवाय शेतकऱ्याने हे विसरू नये की, विष घातलेले पाखरू घार खाईल, घुबड खाईल, कदाचित गावातले कुत्रेही खाईल. धानाच्या बांध्यांतील उंदीर फुकट मारणारा घुबडासारखा दुसरा गडी नाही.

शत्रू कोणता हे आधी ओळखले पाहिजे. आकाशात संथ घिरट्या घालणारी घार उडत्या धडधाकट कबुतरास सहसा धरू शकत नाही. तिला पाहून दार लावण्याचे कारण नाही. शिक्रा लहान, पण बारमाही. तो झाडीत दडून बसतो आणि नवख्या पिलांवर झडप घालतो. मोरघार मोठी व बळकट असते. बहिरी ससाणा मात्र हिवाळ्याचा पाहुणा. बदकांच्या मागे तो तलावाकाठी येतो, आणि वरून सूर मारताना त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरांच्या वर जातो. ताशी साठ-सत्तर किलोमीटर उडणाऱ्या कबुतराने अशा वेळी पळून जावे ही अपेक्षाच चूक. ते वाचते ते ऐन क्षणी अंग वळविल्याने किंवा थव्यात मिसळून राहिल्याने.

थव्याचे महत्त्व केनवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1978 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगावरून कळून येते. त्याने शिकविलेला बाज रानकबुतरांवर सोडून पाहिला. एकट्या कबुतरावरील हल्ले शंभरांत ऐंशीच्या आसपास साधले. पन्नासांहून मोठ्या थव्यावर शंभरांत दहाही साधले नाहीत. कारण उघड आहे. अनेक डोळे शत्रूला दुरून पाहतात. म्हणून दोन-चार पाखरे कधीही सोडू नयेत. दहा-बाराहून कमी असतील तर संख्या वाढेपर्यंत थांबावे. रंगाचाही थोडा संबंध आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे झालेल्या व 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्या करड्या कबुतरांच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असतो ती बहिऱ्याच्या हाती फार कमी लागतात. पाखरू अंग वळविते तेव्हा तो पट्टा शिकाऱ्याच्या नजरेस चकवितो, असा तर्क आहे. पिसे कापून उलटसुलट चिकटविली, तेव्हा फळही उलटले. आमच्याकडील पारव्याचा हा भाग बहुधा करडाच असतो, हे त्याचे दुर्दैव.

आता ढाबळीकडे वळू. सारे मर्म येथे आहे. मोठ्या कबुतरास दिवसाला तीस ते चाळीस ग्रॅम दाणा पुरतो. ज्वारी, मका, थोडा वाटाणा. आमच्या भागात लाखोरीही घालतात. यातील तिसरा हिस्साच आदल्या संध्याकाळी द्यावा आणि उरलेला उड्डाणानंतर, ढाबळीच्या आत. उपाशी मारणे नव्हे, भूक राखणे. डबा वाजला की दाणा, आणि दाणा फक्त आतच, हा नियम एक दिवसही मोडू नये. भुकेले पाखरू हाकेसरशी उतरते आणि आत शिरते. छपरावर रेंगाळणारेच शिकाऱ्याला सापडते. उतरणीच्या खिडकीस आत ढकलल्या जातील पण बाहेर ढकलल्या जाणार नाहीत अशा लोंबत्या सळया बसवाव्या, म्हणजे दार उघडण्यावाचून पाखरू आत येते. ढाबळीसमोर मोकळी जागा असावी. लिंबाच्या सावलीत ढाबळ बांधणे उन्हाळ्यात सुखाचे खरे, परंतु शिक्र्याला तीच फांदी बसावयास मिळते.

हाक जितकी ठराविक, तितकी सोडण्याची वेळ बेठराविक असावी. रोज आठ वाजता थवा वर जातो हे ससाण्याला आपल्याइतकेच लवकर कळते. आज सात, उद्या दहा, परवा चार, असा फेर ठेवावा. अगदी पहाट व तिन्हीसांज टाळावी. बहिरी दिसला, तर आठ-दहा दिवस कोणासच सोडू नये. काही मिळाले नाही की तो आपला मुक्काम बहुधा हलवितो. तलावावर बदकांची दाटी आहे तोवर उड्डाणे कमी करावी व तेवढ्या काळापुरता गच्चीवर जाळीचा मोठा पिंजरा करून पाखरांना पंख हलवू द्यावे. अंड्यावर आलेली मादी, पिसे झडत असलेले किंवा आजारी पाखरू थव्यात धाडू नये. चीनमध्ये कबुतराच्या शेपटीस हलकी शिटी बांधतात व तिच्या नादाने ससाणा बिचकतो असे म्हणतात. आम्ही ते करून पाहिलेले नाही.

पिले चार-पाच आठवड्यांची झाली की आठवडाभर त्या पिंजऱ्यात बसवून आसपासचा मुलूख पाहू द्यावा. पहिले उड्डाण दाण्याच्या आधी, आणि काठीने हुसकावल्याशिवाय. घराभोवती घेर घेऊ लागली म्हणजे टोपलीतून प्रथम कोसभर, मग दोन कोस, मग वरठी, मग तुमसर, असे वाढवीत न्यावे. सोडताना उघडे माळरान निवडावे आणि एकेकटे सोडू नये.

जमिनीवरून येणारे शत्रू सोपे आहेत, कारण तेथे आपल्या हाती सारे आहे. मांजर, मुंगूस, उदमांजर, धामण आणि घूस यांना अर्ध्या इंचाची जाळी व खांबांवर पत्र्याची उलटी नरसाळी पुरतात. दिवे लागणीस पाखरे मोजून कडी लावावी. आंधळगावी ते काम घरातील धाकट्या मुलीकडे आहे, आणि सतरा भरल्याशिवाय ती जेवावयास बसत नाही.

एक गोष्ट शेजारधर्माची. मृगाचा पाऊस पडून धानाचे पऱ्हे टाकतात त्या दिवसांत कबुतरे मुळीच सोडू नयेत. वेचलेल्या बियाण्याबद्दल शेजारी रागावेल ते रास्तच होईल. शिवाय बियाण्यास औषध चोळलेले असते, आणि ते खाल्लेले पाखरू ससाण्यावाचूनही ढाबळीत मरून पडते. रोप हिरवे दिसू लागले म्हणजे पुन्हा दार उघडावे.