पाळक आणि धनी : टिळकांच्या ‘दरबारा’ची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरीच्या अनुवादकाला ‘व्हिकर’ आणि ‘क्युरेट’ हे दोन शब्द हटकून अडवितात. दोहोंसाठी ‘पाद्री’ म्हणून भागविता येते. परंतु तसे भागविले की कथेतली मूळ गाठच नाहीशी होते. व्हिकर हा गावच्या धर्मपीठाचा स्थिर अधिकारी. क्युरेट हा त्याच्या हाताखालचा, अल्प वेतनावरचा साहाय्यक. हा साहाय्यक सुवार्तावादी निघाला, म्हणजे विधीपेक्षा हृदयपरिवर्तनाला महत्त्व देणारा निघाला, की गावात दोन अधिकार समोरासमोर उभे राहतात. एक नेमणुकीतून आलेला आणि दुसरा अनुभूतीतून आलेला.

जॉर्ज एलियटच्या 1857 मधील ‘जॅनेट्स रिपेंटन्स’ या दीर्घकथेत या संघर्षाचे उत्कृष्ट चित्रण आहे. ट्रायन हा तरुण धर्मोपदेशक रविवारी सायंकाळी मुख्य चर्चमध्ये व्याख्यान देऊ इच्छितो आणि तेवढ्यावरून मिल्बी हे गाव दुभंगते. ट्रायनचा सिद्धान्त खरा की खोटा याची चिकित्सा तेथे फारसा कोणी करीत नाही. बोलण्याची परवानगी कोणी द्यावयाची, हाच वादाचा मुद्दा असतो.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात याच प्रश्नाचे सर्वांत अर्थपूर्ण रूप रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्रात आढळते. त्याचा आरंभ महाराष्ट्राबाहेर, छत्तीसगडच्या वाटेवर झाला. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने टिळकांशी धर्मचर्चा केली आणि त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. राजनांदगाव हे रायपूरच्या पश्चिमेस असलेले, वैष्णव बैरागी महंतांच्या संस्थानाचे ठिकाण. तेथील वास्तव्यात त्या वाचनाचा परिणाम घडत गेला आणि फेब्रुवारी 1895 मध्ये टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. मागे राहिलेल्या संसाराचे काय झाले, ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी वाचकाला ठाऊक आहेच. पुढे 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनशी जोडले गेले, त्याच्या व्यवस्थेत व्हिकरही नव्हता आणि क्युरेटही नव्हता. ते मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे. त्या परंपरेत स्थानिक मंडळी स्वायत्त असते आणि ती आपला पाळक स्वतः निवडते. मिशनची मातृसंस्था असलेल्या बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे कार्यवाह रूफस अँडरसन 1854–55 मध्ये हिंदुस्थानात आले, तेही मंडळ्या स्वावलंबी व्हाव्यात हाच आग्रह धरून. परंतु तत्त्वाने दिलेले स्वातंत्र्य व्यवहारात हिशेबवहीपाशी अडत असे. अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यांत शाळा आणि दवाखाने चालत ते मिशनच्या पैशावर. पाळक आणि उपदेशक यांचे वेतनही बहुतांशी तेथूनच येई. अशा स्थितीत मिशनरी हा नावाने बंधू आणि नात्याने धनी ठरे. व्हिकरचे पद नसले तरी त्याची खुर्ची रिकामी नव्हती.

1904 मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळालेले टिळक या रचनेत सुखाने सामावणे कठीण होते. त्यांचा कलह मुख्यतः सिद्धान्ताचा नव्हता. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. या भूमिकेचा वाङ्मयीन अर्थ दूरगामी आहे. तोवरच्या उपासनेत इंग्रजी चालीवर बेतलेल्या अनुवादित गीतांचा भरणा असे. ख्रिस्ती कीर्तनाचा पाया कृष्णराव सांगळे यांनी अहमदनगरास आधीच घातला होता; टिळकांनी अभंग आणि पद यांतून ती वाट प्रशस्त केली. अनुवादित गीत गाणारी मंडळी दुसऱ्याचा अनुभव आपल्या तोंडाने उच्चारते. अभंग गाणारी मंडळी स्वतःच्या भाषेत साक्ष देते, आणि अशा साक्षीला वरून परवानगी लागत नाही. भजनाची चाल बदलली की अधिकाराचे केंद्रही हलते, ते या कारणाने.

मिशनने या गीतांना विरोध केला असे मात्र म्हणता येणार नाही. ती गीते ‘उपासना संगीत’मध्ये मोठ्या संख्येने आली, ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन 1912 पासून टिळकांकडे होते. कवीचा स्वीकार झाला होता. अडचण होती ती कवितेतून निघणाऱ्या निष्कर्षाची. 1917 मध्ये टिळकांनी मिशनचा संबंध सोडला, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र येऊ शकत. प्रवेशाचा दरवाजाच येथे मिशनच्या हातून काढून घेतला गेला होता.

येथे मिशनची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. नगर जिल्ह्यातील मंडळ्या मुख्यतः महार आणि मांग समाजांतून उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या दृष्टीने बाप्तिस्मा म्हणजे जुन्या गावगाड्याशी उघड विच्छेद होता आणि मिशन हा शाळेचा व दुष्काळातील अन्नाचा आधार होता. ब्राह्मण कुळातून आलेल्या कवीला परंपरेचा जो सेतू वाटला, तो त्यांतील अनेकांना पूर्वीच्याच वेशीकडे नेणारा रस्ता वाटला असल्यास नवल नाही. उलट, चोखामेळ्याची वाणी त्याच परंपरेत आहे, हेही विसरता येत नाही. या प्रश्नाचे उत्तर सिद्ध करण्यास टिळकांना अवधी मिळाला नाही. मे 1919 मध्ये त्यांचे निधन झाले आणि दरबारही फार काळ टिकला नाही. मात्र टिळकांचे चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, त्यामागे टिळकांचीच प्रेरणा होती.

पंडिता रमाबाईंचा अनुभव याच जातीचा आहे. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर तेथील भगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात क्रुसावरील अक्षरे लॅटिन असावीत की संस्कृत, हाही वादाचा विषय झाला. मिल्बीतला ट्रायन आणि त्याचे विरोधक निदान एकाच भाषेत भांडत होते. रमाबाई आणि टिळक यांच्यापुढे भाषाच वादविषय होती. म्हणूनच टिळकांच्या अभंगांचे मूल्यमापन केवळ भक्तिकाव्य म्हणून करणे अपुरे ठरते. परक्याच्या वेतनावर असलेल्या पाळकाने आपल्या मंडळीसाठी मिळविलेला बोलण्याचा हक्क त्या अभंगांत आहे. दरबार मोडल्यावरही मराठी मंडळ्यांनी ते गाणे सोडले नाही, आणि टिळकांच्या बाजूचा तोच सर्वांत भक्कम पुरावा होय.